झुरळांचा नैसर्गिक बंदोबस्त: आधी पाणी, मग फटी, मग आमिष

लवंग, तमालपत्र, कापूर, काकडीची सालं, कडुनिंबाचा पाला. झुरळांवर घरगुती उपाय विचारला की ही यादी हमखास पुढे येते. यातल्या बहुतेक वस्तूंचा परिणाम एवढाच की झुरळ त्या कोपऱ्यातून निघून शेजारच्या फटीत जाऊन बसतं. वास उडाला की ते परत येतं. झुरळ आपल्या घरात मुळात कशासाठी राहतं, याचा विचार न करता उपाय सुरू होतो आणि तिथेच तो फसतो. त्याला तीन गोष्टी लागतात: पाणी, अंगाला दोन्ही बाजूंनी टेकेल अशी अरुंद फट आणि थोडंसं अन्न. महत्त्वाचा क्रमही हाच. विषारी फवारणी न करता झुरळं आटोक्यात आणता येतात, पण काम याच क्रमाने करावं लागतं आणि साधारण तीन महिने नेटाने चालू ठेवावं लागतं.

घरात कोणतं झुरळ आहे?

हे आधी ठरवायला हवं, कारण दोन मुख्य जातींचे पत्ते वेगळे आहेत आणि उपायही.

स्वयंपाकघरात दिसणारं लहान, फिकट तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. लांबी साधारण १३ ते १६ मिलिमीटर, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा. ते उडत नाही, गटारात राहत नाही, बाहेरून चालतही येत नाही. ते राहतं फक्त माणसाच्या इमारतींत आणि घरात येतं सामानातून: पुठ्ठ्याचे खोके, अंड्यांचे ट्रे, किराण्याची पोती, जुना विकत घेतलेला फ्रिज किंवा मिक्सर. शास्त्रीय नाव त्याला १७६७ साली युरोपात मिळालं, पण मूळ आपल्याकडचं आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या पट्ट्यात, शेतात राहणाऱ्या आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाच्या वस्तीला कायमची चिकटली.

मोरीतून किंवा संडासातून येणारं मोठं, तांबूस, कधी अंगावर उडत येणारं झुरळ म्हणजे अमेरिकन झुरळ. लांबी ३५ ते ४० मिलिमीटर. त्याचं खरं घर ड्रेनेजचे चेंबर, डक्ट, सेप्टिक टँक. आपल्या घरात ते पाहुणं असतं. पहिल्या मोठ्या पावसात चेंबर भरले की ही झुरळं पाइप धरून वर चढतात, म्हणून जून-जुलैत ती एकदम जास्त दिसतात.

कपाटात वरच्या खणात, घड्याळामागे, फोटोच्या चौकटीत कोरड्या जागी लहान झुरळं दिसली आणि अंगावर आडवे फिकट पट्टे असले तर ती तिसरी, पट्टेवाली जात. तिला पाणी कमी लागतं. तिच्यासाठी स्वयंपाकघरापेक्षा खोल्यांमधले उंचावरचे कोपरे तपासावे लागतात.

पुढचं बरंचसं विवेचन जर्मन झुरळाबद्दल आहे, कारण घरात वीण करतं ते हेच. मोठ्या झुरळांसाठी मोरीचा भाग वेगळा दिला आहे.

वीण किती वेगाने होते

जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि अंडी फुटायची वेळ आली की मगच ती सोडते. एका डबीत ३० ते ४० अंडी. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांत ती स्वतः वीण करू लागतात. एक मादी आयुष्यात चार ते आठ डब्या देते. डबीच्या आतल्या अंड्यांवर भुकटीचा किंवा वासाचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून एका रविवारी जोरदार साफसफाई करून महिनाभर शांत बसलं की झुरळं परत आलेली दिसतात. ती बाहेरून आलेली नसतात. त्या दिवशी डबीत होती तीच आता बाहेर पडलेली असतात. तीन महिने लागतात ते यामुळे.

दुसरी उपयोगाची गोष्ट त्यांच्या सवयींतली. झुरळांच्या विष्ठेत एक गंधद्रव्य असतं, जे इतर झुरळांना त्या जागी गोळा करतं. फटीच्या तोंडाशी चहाच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले की आत वस्ती आहे असं समजावं. अगदी लहान पिल्लं फटीतून फारशी बाहेर पडत नाहीत. ती मोठ्यांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचे अवशेष खातात. आमिषाचं काम याच सवयीवर चालतं: एका झुरळाने खाल्लेलं विष त्याच्या विष्ठेतून आणि मृत शरीरातून पिल्लांपर्यंत पोचतं. फवारा मारून झुरळं पळवून लावली की ही साखळी तुटते.

विष्ठेचा मुद्दा तब्येतीच्या दृष्टीनेही गंभीर आहे. झुरळाची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांची धूळ होते आणि तिच्यातली प्रथिनं दम्याच्या रुग्णांना त्रास देतात. झुरळांची अ‍ॅलर्जी वैद्यकीय संशोधनात १९६४ साली नोंदवली गेली आणि नंतर शहरी मुलांच्या दम्याशी तिचा संबंध वारंवार दिसून आला. घरात कुणाला दमा असेल तर फटी कोरड्या झाडूने झाडू नयेत. ओल्या फडक्याने पुसाव्यात किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरावा.

दोन रात्रींची पाहणी

उपायाच्या आधी वस्ती कुठे आहे ते शोधावं. बाजारात झुरळांसाठी चिकट पुठ्ठ्याचे सापळे मिळतात. सहा पुरतात: सिंकखाली, फ्रिजमागे, गॅसच्या शेगडीमागे, सिलेंडरजवळ, वॉटर प्युरिफायरखाली आणि कचऱ्याच्या डब्यामागे. सापळा भिंतीला अगदी टेकवून ठेवावा. झुरळ मोकळ्या जमिनीवरून जायचं टाळतं आणि भिंतीला अंग व मिशा लावत चालतं. सापळा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवला तरी रिकामा राहतो. प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख लिहावी. दोन रात्रींनंतर मोजावं.

कोणत्या सापळ्यात किती झुरळं आहेत यापेक्षा पिल्लं कुठे आहेत हे जास्त सांगून जातं. पिल्लं आपल्या फटीपासून लांब जात नाहीत, त्यामुळे पिल्लं ज्या सापळ्यात, त्याच्या हातभर परिसरात वस्ती आहेच. नुसती मोठी झुरळं सापडली तर ती थोडी लांबून चालत आलेली असू शकतात. हे आकडे जपून ठेवावेत. आठव्या आठवड्यात पुन्हा मोजल्यावर उपाय लागू पडतो आहे की नाही ते यावरूनच कळतं; नुसत्या नजरेचा अंदाज फार फसवा असतो.

सापळे आणायचे नसतील तर काचेची बरणी चालते. अर्ध्या लिटरच्या बरणीला बाहेरून कागद गुंडाळावा, म्हणजे झुरळाला चढायला पकड मिळते. आतून तोंडाखाली चार-पाच सेंटिमीटरचा पट्टा व्हॅसलीनने माखावा आणि तळाशी पावाचा तुकडा ठेवावा. रात्री भिंतीलगत ठेवली की आत पडलेली झुरळं निसरड्या पट्ट्यावरून वर येऊ शकत नाहीत. सकाळी आत गरम साबणाचं पाणी ओतावं. व्हॅसलीनचा थर जाड झाला तर झुरळं त्यावरच अडकतात आणि मागून येणाऱ्यांना पाय ठेवायला जागा होते, म्हणून तो पातळच हवा.

पाणी तोडणं

जुन्या प्रयोगांतले आकडे इथे बोलके आहेत. जर्मन झुरळाची मादी अन्नाशिवाय, नुसत्या पाण्यावर सुमारे सहा आठवडे जगते. पण कोरडं अन्न असूनही पाणी नसेल तर ती दोन आठवड्यांच्या आत मरते. स्वयंपाकघर चकचकीत असूनही झुरळं का जात नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा सिंकखालच्या एका ठिबकणाऱ्या जोडात असतं.

रात्री झोपण्यापूर्वी स्वयंपाकघर कोरडं करणं हा सगळ्यात मोठा उपाय. सिंक आणि ओटा पुसून घ्यावा. ओलं फडकं आणि घासणी सिंकच्या कडेला पडू न देता बाहेर वाळत टाकावी. धुतलेल्या भांड्यांच्या जाळीखाली ट्रे असेल तर त्यातलं पाणी ओतून टाकावं. माठाखालची ताटली, कुंडीखालची बशी, कुत्र्या-मांजराचं पाण्याचं भांडं, सगळं रात्री रिकामं किंवा उचलून ठेवलेलं असावं.

काही जागा बहुतेक घरांत नजरेआड राहतात. फ्रिजच्या मागे खाली, कॉम्प्रेसरवर एक लहान ट्रे असतो. फ्रिजमधलं वितळलेलं पाणी त्यात साठतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाफ होऊन जातं. पाणी, ऊब आणि अंधार एकाच जागी, त्यामुळे जर्मन झुरळाला यापेक्षा सोयीचं ठिकाण घरात दुसरं नाही. प्लग काढून, फ्रिज पुढे ओढून हा ट्रे महिन्यातून एकदा धुवावा. फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घड्याही साबणाच्या पाण्याने पुसाव्यात. वॉटर प्युरिफायर भिंतीवरून उतरवून मागची बाजू पाहावी. तिथे बारीक गळती आणि पिल्लं दोन्ही सापडतात. सिंकखालच्या पाइपाच्या प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर लावून पाहावा. डोळ्यांना न दिसणारी गळतीही कागद ओला करून दाखवते.

अन्नाबाबत एवढंच: उष्टी भांडी रात्री सिंकमध्ये राहिलीच तर साबणाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावीत, कचरा झाकणाच्या डब्यात असावा आणि शेगडीखालचा, मिक्सरच्या तळाचा, चिमणीच्या जाळीवरचा तेलकट थर आठवड्यातून एकदा काढावा. तो थर झुरळाला कित्येक दिवस पुरतो. पीठ, रवा, साखर घट्ट झाकणाच्या डब्यात. कांदा-बटाट्याच्या टोपलीखालचा कागद आठवड्याला बदलावा.

फटी बुजवणं

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला मिलिमीटरभराची फट पुरते, पूर्ण वाढ झालेल्याला साधारण पाच मिलिमीटरची. ओट्याचा कडप्पा भिंतीला जिथे भिडतो तिथली चीर, टाइल्समधलं गळून पडलेलं ग्राउट, ट्रॉलीची चौकट आणि भिंत यांमधली जागा, पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, दाराच्या चौकटीमागची पोकळी, या वस्तीच्या जागा.

क्रम असा ठेवावा: आधी फट ब्रशने आणि गरम साबणाच्या पाण्याने धुवावी, म्हणजे विष्ठेतला बोलावणारा गंध जातो. मग ती पूर्ण वाळू द्यावी. वाळल्यावर आत खाली सांगितलेली भुकटी थोडी मारावी आणि मग बंद करावी. टाइल्ससाठी व्हाइट सिमेंट किंवा तयार ग्राउट, ओट्याच्या सांध्यासाठी सिलिकॉन सीलंट, पाइपाभोवतीच्या भोकासाठी एम-सील. सीलंट ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागावर धरत नाही. महिन्याभरात त्याची पट्टी सोलून निघते आणि तिच्यामागे आणखी चांगली फट तयार होते. आधी वाळवणं टाळू नये ते यासाठी.

लाकडी ट्रॉल्या आणि खण बाहेर काढून, बिजागऱ्या साबणाच्या पाण्याने पुसून दिवसभर कडक उन्हात ठेवावेत. खण उघडे, तोंड उन्हाकडे. पुठ्ठ्याचे खोके घरातून काढून टाकावेत. पन्हळी पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या झुरळांना हव्या त्या मापाच्या असतात. रद्दीचा गठ्ठा आणि पिशव्यांची पिशवी हेही वस्तीचं ठिकाण आहे, स्वयंपाकघरात नकोच.

बोरिक पावडर: कमी प्रमाण, बंद डबी

मेडिकलच्या दुकानात मिळणारी बोरिक पावडर, म्हणजे कॅरमच्या बोर्डवर टाकतात तीच, झुरळांवर अतिशय परिणामकारक आहे. पोटात गेली की ती काही दिवसांत मारते, आणि झुरळाला तिचा धोका लगेच कळत नाही. ती खनिज आहे म्हणून निरुपद्रवी समजू नये. लहान मुलाच्या किंवा पाळीव प्राण्याच्या पोटात गेली तर ती विषारी आहे. टाकणखार तिचाच भाऊबंद, पण परिणाम कमी.

आपल्याकडे बोरिक पावडर, कणीक, साखर आणि दूध मळून गोळ्या ठेवायची पद्धत आहे. तिच्यात तीन अडचणी आहेत. बोरिकचं प्रमाण जास्त झालं की झुरळं ती गोळी टाळतात. दोन दिवसांत गोळी कडक होते आणि कुणी खात नाही. आणि रांगणाऱ्या मुलाला ती खाऊच वाटते. ही शेवटची अडचण पुरेशी आहे. उघड्या गोळ्या ठेवूच नयेत.

त्यापेक्षा पातळ आमिष चांगलं, कारण घर कोरडं केल्यावर झुरळ तहानलेलं असतं. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर (चहाचे अडीच सपाट चमचे) आणि १ ग्रॅम बोरिक पावडर (चहाचा पाव सपाट चमचा) पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावी. म्हणजे बोरिकचं प्रमाण एक टक्का. प्रयोगांत अर्धा ते दोन टक्के बोरिक आणि साखरेचं द्रावण झुरळांनी पिऊन चांगला परिणाम दिला आहे. प्रमाण वाढवून काम लवकर होत नाही. झुरळ एक घोट घेऊन निघून जातं.

झाकणाच्या लहान प्लास्टिक डब्या घ्याव्यात, तळाजवळ कडेला सहा-सात मिलिमीटरची दोन भोकं पाडावीत, आत कापसाचा बोळा ठेवून त्यावर चार-पाच मिलिलिटर द्रावण ओतावं आणि झाकण चिकटपट्टीने बंद करावं. डबीवर ‘विष’ असं ठळक लिहावं. पाहणीत पिल्लं सापडली त्या जागी सहा-आठ डब्या, भिंतीला टेकवून आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा ठेवाव्यात. तीन-चार दिवसांनी बोळा बदलावा, कारण साखरेचं पाणी आंबतं, वाळतं किंवा त्याला बुरशी येते. मुंग्या लागल्या तर डबी पाण्याच्या ताटलीत ठेवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण झुरळाला फुकटचं पाणी मिळतं. डबीची जागा बदलावी. उरलेलं द्रावण स्वयंपाकघरात ठेवू नये. बाटलीवर नाव घालून कुलपात किंवा सरळ टाकून द्यावं. हाताळताना हातमोजे घालावेत. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

काही घरांत साखरेचं आमिष अजिबात चालत नाही. अमेरिकेत जर्मन झुरळांच्या काही वंशांत ग्लुकोज कडू लागण्याची आनुवंशिक सवय तयार झाल्याचं आढळलं आहे: गोड आमिषं खाणारी मेली, न खाणारी उरली आणि त्यांचीच पिल्लावळ वाढली. आठवडाभर कुणीच फिरकलं नाही तर बोळ्याऐवजी भुकटीवर भर द्यावा.

याच बोरिक पावडरीची भुकटी फटींत मारता येते. झुरळ तीवरून चालतं, पायांना आणि मिशांना लागलेली पूड चाटून साफ करतं आणि ती पोटात जाते. थर इतका पातळ हवा की नीट पाहिल्याशिवाय दिसू नये. ढीग घातला की झुरळ वळसा घालून जातं, आणि बहुतेकांचं बोरिक इथेच वाया जातं. अरुंद तोंडाची कोरडी सॉसची बाटली एक-तृतीयांश भरून हलवावी आणि फटीत हलकेच दाबावी. पूड कोरडी राहील अशा बंद जागीच वापरावी: ट्रॉलीच्या मागे, फ्रिजखाली, बुजवायच्या फटीत. ओट्यावर, भांड्यांच्या खणात, धान्याजवळ नको. स्विचबोर्डात काहीही टाकू नये.

डायटोमेशियस अर्थ

सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त सांगाड्यांची ही भुकटी झुरळाच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर शोषून घेते आणि खरवडते. तो थर गेला की शरीरातलं पाणी उडून जातं आणि झुरळ सुकून मरतं. यात पोटात जाण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे ती मुलांच्या घरात बोरिकपेक्षा बरी. पण फूड ग्रेड असा उल्लेख असलेलीच घ्यावी. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी भाजलेली भुकटी फुप्फुसांना घातक असते. कोणतीही मारताना नाकाला मास्क हवा.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हिचा भरवसा धरू नये. दमट हवेत भुकटी ओल धरते आणि मेण शोषायची तिची ताकद मंदावते. शिवाय अशा हवेत झुरळही लवकर सुकत नाही. मार्च ते मे हा तिचा काळ. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात ती उत्तम चालते. पाण्यात कालवून फवारण्याचा सल्ला दिला जातो, पण पाणी वाळल्यावर पापुद्रा तयार होतो आणि परिणाम खूप घटतो. कोरडी, पातळ, आणि धीर धरून: मरायला कित्येक दिवस लागतात.

समोर दिसलेल्या झुरळासाठी साबण

५०० मिलिलिटर पाण्यात चहाचे दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळून फवाऱ्याच्या बाटलीत ठेवावं. झुरळ श्वास घेतं शरीराच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून, एकूण दहा जोड्या. साध्या पाण्याने ती बंद होत नाहीत, कारण अंगावरचं मेण पाणी झटकतं. साबण पृष्ठताण कमी करतो, पाणी छिद्रांत शिरतं आणि झुरळ गुदमरतं. पूर्ण भिजलं पाहिजे, नुसत्या शिंतोड्याने पळून जातं. वाळल्यावर काहीही शिल्लक राहत नाही, म्हणून ही तात्पुरती मदत आहे. आमिषाच्या डब्यांजवळ मात्र फवारू नये.

मादी पोटाला डबी घेऊन मेली तर तिला कचऱ्यात टाकू नये. अंडी तयार झालेली असतील तर पिल्लं निघू शकतात. कागदाने उचलून गरम साबणाच्या पाण्यात बुडवावी.

मोरी, बेसिन आणि मोठी झुरळं

मोठ्या झुरळांविरुद्ध बोरिक आणि भुकट्या फारशा लागतच नाहीत, कारण त्यांचा रस्ता अडवता येतो. मोरीतल्या ज्या भागाला प्लंबर नानी ट्रॅप म्हणतात, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम भरलेलं असतं आणि तेच खालच्या ड्रेनेजला बंद ठेवतं. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये, किंवा मे महिन्यात गावी गेल्यावर, हे पाणी आटतं आणि वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत मगभर पाणी ओतावं. बरेच दिवस बाहेर जायचं असेल तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल टाकावं, त्याने बाष्पीभवन मंदावतं. वर बारीक भोकांची झुरळांची जाळी बसवून घ्यावी.

याहून मोठं भोक असतं बेसिन आणि सिंकखाली. लवचीक वेस्ट पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या मोठ्या पाइपात नुसता खुपसलेला असतो आणि भोवती बोटभर जागा मोकळी राहते. वॉशिंग मशीनच्या पाइपाचंही तेच. हार्डवेअरच्या दुकानात यासाठी रबरी कॉलर मिळते. ती बसवावी आणि कडेने सीलंट मारावं. पुष्कळ घरांत या एका कामाने मोठी झुरळं दिसायची थांबतात.

पाइप पीव्हीसीचे असतील तर त्यात उकळतं पाणी ओतू नये, जोड मऊ पडतात. तसंही ते पाणी चेंबरपर्यंत गरम पोचत नाही.

बाथरूमच्या खिडकीवर एक बारीक काळा कीटक कधी दिसतो, पोटाचा लहानसा चपटा भाग झेंड्यासारखा सतत वर-खाली हलवणारा. ती एक परजीवी गांधीलमाशी आहे. ती मोठ्या झुरळाच्या अंड्यांच्या डबीत आपलं अंडं घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी खाऊन टाकते. ती माणसाला त्रास देत नाही, तिला मारू नये. ती दिसली याचा अर्थ जवळपास मोठ्या झुरळांच्या डब्या आहेत, तेव्हा डक्टकडची बाजू तपासावी. पालही झुरळं खाते, पण वाढत्या वस्तीला ती पुरी पडत नाही.

काय करू नये

लवंगेचं, पुदिन्याचं, निलगिरीचं तेल थेट अंगावर पडलं तर झुरळाला मारू शकतं, पण काही तासांत उडून जातं. त्याचा खरा तोटा वेगळा आहे: आमिषाजवळ फवारलं तर झुरळं आमिषालाही टाळतात. फिनेल आणि बाजारातल्या स्प्रेचंही तेच. आमिष आणि पळवणारा वास एकत्र वापरले की दोन्ही वाया जातात. ज्या फटीतून झुरळ येऊच नये असं वाटतं, पण ती बुजवता येत नाही, अशा ठिकाणी तेलाचा बोळा ठेवायला हरकत नाही. आमिषापासून खोलीभर लांब.

खाण्याच्या सोड्याने झुरळाचं पोट फुटतं असं सांगितलं जातं. त्यावर विसंबून राहू नये, बोरिकची जागा तो घेत नाही. डांबराच्या गोळ्या नैसर्गिक नाहीत, झुरळं मारत नाहीत आणि त्यांची वाफ तान्ह्या बाळांना धोकादायक ठरू शकते. कीटकनाशक खडूही नैसर्गिक नव्हे. पांढरी रेघ पाहून तो निरुपद्रवी वाटतो, पण त्यात कृत्रिम कीटकनाशक असतं आणि मुलांच्या हाताला तो साधा खडूच वाटतो.

तीन महिन्यांचा हिशोब

पहिल्या आठवड्यात पाहणी, गळती बंद करणं आणि मोठी सफाई. दुसऱ्या आठवड्यात फटी बुजवणं आणि आमिषाच्या डब्या. या काळात दिवसाही झुरळं दिसू लागतील. पाणी तुटल्यामुळे ती बाहेर पडतात. हे चांगलं लक्षण आहे, घाबरून स्प्रे मारू नये. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बारीक पिल्लं एकदम वाढल्यासारखी वाटतात, कारण अंड्यांच्या आधीच्या डब्या फुटतात. बहुतेक लोक इथेच हार मानतात. आमिष चालू ठेवलं तर ही पिल्लं मोठी होऊन वीण करायच्या आत संपतात. आठव्या आठवड्यात सापळे पुन्हा लावून पहिल्या आकड्यांशी ताडून पाहावं. संख्या निम्म्यावरही आली नसेल तर बहुधा पाण्याचा एखादा स्रोत सुटलेला असतो, किंवा झुरळं शेजारून येत असतात.

चाळीत आणि फ्लॅटमध्ये हा दुसरा मुद्दा खरा ठरतो. सामाईक भिंत, डक्ट, इलेक्ट्रिकच्या नळ्या यांतून जर्मन झुरळं एका घरातून दुसऱ्यात जातात. एकाच घरात फवारणी झाली की शेजारच्या घरात वाढू शकतात. म्हणून एका उभ्या रांगेतल्या घरांनी, म्हणजे वर-खाली एकाच डक्टला लागून असलेल्यांनी, आमिषाच्या डब्या एकाच पंधरवड्यात ठेवाव्यात. डक्टमधला कचरा काढणं, चेंबरची झाकणं नीट बसवणं आणि फुटलेले पाइप बदलणं हे सोसायटीचं काम. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात ते करून घ्यावं.

नंतर दोन चिकट सापळे कायम ठेवावेत, एक सिंकखाली आणि एक फ्रिजमागे. महिन्यातून एकदा पाहावेत आणि तीन-चार महिन्यांनी बदलावेत. एक मोठं झुरळ सापडलं तर मोरीची जाळी आणि पाइपाची कॉलर तपासावी. बारीक पिल्लू सापडलं तर त्याच आठवड्यात आमिषाच्या डब्या परत ठेवाव्यात आणि नुकतंच बाहेरून काय सामान आलं ते तपासावं.